अमेरिकेतल्या बड्या खासगी शाळा आणि कॉलेज प्रवेश: वशिला, पैसा आणि गुणवत्ता यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल सातवी-आठवीत गेलं की अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत एकच विषय निघतो: प्रायव्हेट स्कूलला घालायचं का? त्यामागचा खरा प्रश्न शाळेचा नसतो, चार वर्षांनंतरच्या कॉलेजचा असतो. सतत येणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक, मग अडचणीचे. उत्तर आधी येऊन गेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "बड्या खासगी शाळा" म्हणजे नेमक्या कोणत्या? सगळ्या प्रायव्हेट शाळा त्यात येतात का?

नाही. अमेरिकेतल्या बहुसंख्य खासगी शाळा कुठल्या ना कुठल्या धर्मसंस्थेशी जोडलेल्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांची फी तुलनेने माफक असते. इथे विषय आहे तो मॅसॅच्युसेट्समधली फिलिप्स अँडोव्हर (स्थापना १७७८), न्यू हॅम्पशायरमधली फिलिप्स एक्सेटर (१७८१), ग्रोटन अशा निवासी शाळांचा आणि न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी, डाल्टन, वॉशिंग्टनची सिडवेल फ्रेंड्स, लॉस एंजेलिसची हार्वर्ड-वेस्टलेक अशा शहरी शाळांचा. (या शेवटच्या शाळेच्या नावात हार्वर्ड आहे, पण ती काही त्या विद्यापीठाची शाखा नव्हे.) न्यूयॉर्कमधल्या अशा शाळांची फी आता वर्षाला ६० हजार डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि त्यात राहणं-जेवण नाही.

२. या शाळांच्या यादीत आयव्ही लीगला (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा आठ नामवंत खासगी विद्यापीठांना) गेलेली इतकी मुलं दिसतात. म्हणजे शाळेमुळेच प्रवेश मिळतो ना?

यादी खोटी नसते, पण अर्धवट असते. त्या मुलांपैकी कितीजणांचे आईवडील त्याच कॉलेजात शिकले होते, कितीजणांना खेळाच्या प्रशिक्षकाने आधीच हेरलं होतं, कुणाच्या आजोबांच्या नावाची इमारत तिथे उभी आहे, हे यादीत लिहिलेलं नसतं. शाळेने काय दिलं आणि मूल घरून काय घेऊन आलं, हे त्या यादीवरून वेगळं काढता येत नाही. शाळा दाखवायला नेतात तेव्हा हा प्रश्न जरूर विचारा: लेगसी (माजी विद्यार्थ्यांची मुलं) आणि खेळाडू वगळले तर या यादीत किती उरतात? उत्तर बहुधा मिळणार नाही. कुणी सरळ उत्तर दिलंच, तर त्या शाळेबद्दल माझं मत चांगलं होईल.

३. पण श्रीमंत घरातल्या मुलांना चांगलं शिक्षण मिळतं, त्यांचे मार्क चांगले असतात, म्हणून ती जास्त निवडली जातात. यात अन्याय कुठे आला?

हा युक्तिवाद बरीच वर्षं चालला. २०२३ साली राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी कॉलेजांच्या अंतर्गत नोंदी आणि आयकराच्या नोंदी जोडून पाहिल्या आणि त्याची हवा काढून घेतली. त्यांनी तुलना केली ती एसएटी किंवा एसीटी या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षांमध्ये सारखेच गुण असलेल्या मुलांची. आयव्ही लीगची आठ आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशा एकूण बारा ठिकाणी सर्वांत वरच्या १ टक्का कुटुंबांतलं मूल पोचण्याची शक्यता तेवढेच गुण मिळवलेल्या मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक निघाली. म्हणजे गुणांचा फरक बाजूला ठेवल्यावरही दरी उरतेच.

ती कशाने पडते, हेही त्यांनी शोधलं. मुख्य कारणं तीन: लेगसी (प्रश्न ४), खेळाडूंची भरती (प्रश्न ७) आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना दिले जाणारे गुण (प्रश्न ६). मला सगळ्यात बोलका वाटतो तो पुढचा निष्कर्ष. अभ्यासातल्या गुणांवरून मूल पुढे काय करेल याचा अंदाज बांधता येतो. लेगसी, खेळ आणि त्या इतर गुणांवरून येत नाही. मग ज्या गोष्टीवरून पुढचं काहीच कळत नाही, तिला निवडीत वजन कशासाठी? "आमची परंपरा आहे" याखेरीज धड उत्तर मी तरी अजून ऐकलेलं नाही.

४. लेगसी म्हणजे काय, आणि ती अजून चालते का?

अर्जदाराचे आई किंवा वडील त्याच कॉलेजात शिकलेले असतील तर अर्जाला मिळणारं झुकतं माप म्हणजे लेगसी. आशियाई वंशाच्या अर्जदारांशी भेदभाव केल्याच्या आरोपावरून हार्वर्डविरुद्ध चाललेल्या खटल्यात २०१८ साली जे आकडे बाहेर आले त्यांत लेगसी अर्जदारांपैकी सुमारे एकतृतीयांश निवडले गेलेले दिसले. एकूण प्रमाण तेव्हा ६ टक्क्यांच्या आसपास होतं.

एमआयटी आणि कॅलटेक लेगसी पाहत नाहीत. जॉन्स हॉपकिन्सने २०१४ साली ती गुपचूप बंद केली आणि २०२० साली जाहीर केलं. ॲमहर्स्टने २०२१ मध्ये, वेस्लियनने २०२३ मध्ये सोडली. कोलोरॅडो, व्हर्जिनिया आणि इलिनॉय या राज्यांनी सरकारी विद्यापीठांपुरती बंदी घातली. मेरीलँड आणि कॅलिफोर्नियाने २०२४ साली खासगी विद्यापीठांनाही कायद्यात ओढलं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्याकडे ती चालूच आहे.

"माजी विद्यार्थी देणग्या देणं थांबवतील" ही भीती नेहमी पुढे केली जाते. एमआयटी काही भिकेला लागलेली नाही.

५. शाळेतला कॉलेज कौन्सेलर असं काय वेगळं करतो? सरकारी शाळेतही कौन्सेलर असतोच की.

असतो, पण त्याच्याकडे मुलं किती असतात ते पाहा. अमेरिकेतल्या शालेय कौन्सेलरांची संघटना एका कौन्सेलरमागे २५० मुलं असावीत असं सांगते. देशाची सरासरी ३५० च्याही वर आहे. त्याच माणसाकडे वेळापत्रकं, भांडणं, मानसिक अडचणी आणि गैरहजेरीही असते. बड्या खासगी शाळेत कॉलेज प्रवेशाचं वेगळं कार्यालयच असतं, एकेकाकडे जेमतेम काही डझन मुलं, आणि दुसरं काम नाही. त्यांतले पुष्कळजण आधी एखाद्या नामवंत कॉलेजच्या प्रवेश विभागात नोकरी करून आलेले असतात. अर्ज वाचणारा काय शोधतो हे त्यांना ऐकून नव्हे, स्वतः करून माहीत असतं.

याचा परिणाम शिफारसपत्रात दिसतो. सरकारी शाळेतलं पत्र पुष्कळदा "मेहनती, नम्र, वर्गात लक्ष देणारी" एवढ्यावर संपतं, कारण लिहिणाऱ्याने त्या मुलीला वर्षात दोनदा पाहिलेलं असतं. खासगी शाळेतल्या पत्रात ती मुलगी जिवंत उभी राहते: इतिहासाच्या तासाला ती काय बोलली, नाटकाच्या तालमीत कुणाशी भांडली आणि मग काय केलं. मुली दोघीही तितक्याच तोलाच्या असू शकतात. समितीपुढे मात्र मुलगी जात नाही, कागद जातो.

शिवाय प्रत्येक शाळा आपली माहितीपत्रिका पाठवते, तिला स्कूल प्रोफाइल म्हणतात. बड्या शाळांची प्रोफाइल फार विचारपूर्वक लिहिलेली असते. त्या वर्गातला क्रमांक कळवत नाहीत, म्हणजे खालच्या निम्म्यातलं मूल खालच्या निम्म्यात आहे हे दिसतच नाही. २०१८ मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या सिडवेल फ्रेंड्ससह आठ खासगी शाळांनी एपी (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे) अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं जाहीर केलं. आमचे स्वतःचे अभ्यासक्रम त्याहून सखोल आहेत, असं त्यांचं म्हणणं. असतीलही. पण एखाद्या साध्या सरकारी शाळेने एपी बंद केलं असतं तर "इथे कठीण विषयच शिकवत नाहीत" असं म्हणून कॉलेजांनी तिचे अर्ज बाजूला ठेवले असते. एकाच निर्णयाचे दोन अर्थ, शाळेच्या नावावरून ठरणारे. वशिला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चिठ्ठी किंवा फोन येतो. इथे त्याची गरजच पडत नाही.

६. "होलिस्टिक" निवडीत मुलाचं व्यक्तिमत्त्व बघतात. नुसत्या मार्कांपेक्षा ते चांगलंच नाही का?

कल्पना म्हणून चांगली. तिचा जन्म मात्र जाणून घ्यावा. १९२० च्या दशकापर्यंत हार्वर्डसारख्या ठिकाणी प्रवेश मुख्यतः लेखी परीक्षेवर मिळे. ज्यू स्थलांतरितांची मुलं त्या परीक्षेत चमकू लागली आणि १९२२ च्या सुमारास हार्वर्डमध्ये त्यांचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. अध्यक्ष लॉवेल यांना त्यांच्यावर उघड मर्यादा घालायची होती. त्यावर गदारोळ झाला. मग "चारित्र्य", मुलाखत, फोटो, घरची माहिती असे निकष आले आणि काम झालं. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना उघड झुकतं माप मिळू लागलं तेही याच काळात.

शंभर वर्षांनी हाच मुद्दा पुन्हा कोर्टात आला. हार्वर्डच्या खटल्यात आशियाई वंशाच्या अर्जदारांना अभ्यासाचे गुण वरचे आणि "पर्सनल रेटिंग" सरासरीने खालचं असं चित्र दिसलं. २०१९ साली जिल्हा न्यायाधीशांनी हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध होत नाही असा निकाल दिला. पण आपल्या पोरांना न भेटताच कुणीतरी त्यांना कमी मनमिळाऊ ठरवावं, हे मराठी पालकांना खुपलं तर नवल नाही.

आणि प्रश्न ३ मधलं संशोधन सांगतं की अभ्यासाबाहेरच्या रेटिंगमध्ये वर असतात ती मुख्यतः खासगी, बिगरधार्मिक शाळांतली मुलं. कारण त्या रेटिंगला लागणारा मालमसाला (संशोधनाचा प्रकल्प, वादविवादाचे दौरे, आणि प्रश्न ५ मधलं पत्र) तिथे शाळेतच तयार मिळतो.

७. खेळाडूंच्या कोट्यातून गरीब मुलं जातात असं वाटायचं. मग त्यात श्रीमंतांना फायदा कसा?

टीव्हीवर दिसणारा खेळ म्हणजे फुटबॉल आणि बास्केटबॉल. पण आयव्ही कॉलेजांत स्क्वॉश, तलवारबाजी, रोइंग, शिडाच्या होड्या, वॉटर पोलो असे डझनावारी संघ असतात, आणि प्रत्येक प्रशिक्षकाला काही नावं पुढे करता येतात. स्क्वॉशचं कोर्ट किंवा रोइंगची होडी किती सरकारी शाळांत असते? हार्वर्डच्या आकड्यांत भरती केलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्के निवडले गेले होते. आयव्ही लीग खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही हे खरं, पण प्रवेश हेच तिथे मोठं बक्षीस आहे.

८. अर्ली डिसिजनने अर्ज केला की शक्यता वाढते म्हणतात. मग सगळेच का करत नाहीत?

कारण तो करार असतो. साधारण १ नोव्हेंबरपर्यंत एकाच कॉलेजला अर्ज करायचा, विद्यार्थी, पालक आणि कौन्सेलर तिघांनी सही करायची, आणि डिसेंबरच्या मध्यावर होकार आला तर बाकी अर्ज मागे घ्यायचे. पाच कॉलेजांच्या आर्थिक मदतीची पत्रं समोर ठेवून तुलना करणं यात शक्यच नाही. ज्यांना तुलना करण्याची गरज नाही, त्यांच्यासाठी ही सोय आहे. मदत खरोखर अपुरी पडली तर करारातून सुटता येतं, पण हे कुटुंबाला कुणीतरी वेळेवर सांगावं लागतं, आणि तो "कुणीतरी" म्हणजे पुन्हा प्रश्न ५.

हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने हा पक्षपात मान्य करून २००६ साली लवकरचे प्रवेश बंद करायचं जाहीर केलं होतं. बाकीच्यांनी साथ दिली नाही, आणि २०११ साली दोघंही परतले. हल्ली हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्डकडे लवकरचा अर्ज बंधनकारक नाही. पण त्या टप्प्यात इतर खासगी कॉलेजांना लवकर अर्ज करण्यावर निर्बंध आहेत.

९. एसएटी ऐच्छिक झाली ते गरीब मुलांसाठी चांगलंच झालं ना?

तसं वाटलं होतं, तसं झालं नाही. साथीच्या काळात २०२० मध्ये बहुतेकांनी परीक्षा ऐच्छिक केली. गुणांचा आधार गेला तेव्हा उरलं काय? निबंध, उपक्रम, पत्रं. नेमक्या याच गोष्टी पैशाने सर्वांत जास्त चकचकीत करता येतात. डार्टमथने आपल्या अर्जांचा अभ्यास केला तेव्हा आढळलं की साध्या घरांतली बरीच मुलं आपले गुण कमी समजून लपवत होती. त्यांच्या शाळेची परिस्थिती पाहता तेच गुण त्यांच्या फायद्याचे ठरले असते. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा परत आणली. डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड आणि कॅलटेकने २०२४ मध्ये. येलने एसएटीऐवजी एपीचे गुणही चालतील असं ठेवलं.

१०. त्या शाळांतल्या कितीतरी मुलांना परीक्षेत जादा वेळ मिळतो. हे कायदेशीर आहे?

आहे, आणि ज्या मुलाला खरोखर गरज आहे त्याला तो मिळायलाच हवा. अडचण निदानाच्या खर्चाची आहे. खासगी मानसशास्त्रीय तपासणीला काही हजार डॉलर लागतात, म्हणून डिस्लेक्सिया असलेलं गरीब मूल तसंच राहतं आणि श्रीमंत मुलाच्या किरकोळ चुळबुळीलाही प्रमाणपत्र मिळू शकतं. जादा वेळ घेतल्याची खूण गुणपत्रिकेवर येणं २००३ पासून बंद झालं.

११. डोनेशन देऊन सीट घेता येते का? आणि मग २०१९ मध्ये पालकांना तुरुंगात का टाकलं?

उघड दर नसतो, पण मोठ्या देणगीदारांच्या मुलांची वेगळी नोंद ठेवली जाते. हार्वर्डच्या खटल्यात "डीन्स इंटरेस्ट लिस्ट" अशी यादीच समोर आली. शिवाय "झेड लिस्ट" निघाली: वर्षभर थांबून या, मग जागा देतो, अशी वर्षाला पन्नास-साठ मुलं, ज्यांत लेगसी भरपूर.

मार्च २०१९ मध्ये उघड झालेलं "व्हर्सिटी ब्लूज" प्रकरण वेगळं होतं. रिक सिंगर हा सल्लागार प्रशिक्षकांना लाच देऊन मुलांना खोटे खेळाडू बनवायचा आणि परीक्षेत माणसं बसवायचा. तो पालकांना समजावायचा की पुढचं दार म्हणजे स्वतःच्या बळावर, मागचं दार म्हणजे कॉलेजला प्रचंड देणगी, आणि माझं आहे ते बाजूचं दार. त्याला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. कायद्याने बाजूचं दार बंद केलं. मागच्याला हात लावला नाही.

यातला बारकावा पाहण्यासारखा आहे. मे २०२३ मध्ये बोस्टनच्या फेडरल अपील न्यायालयाने दोन पालकांची बहुतेक कलमांखालची दोषसिद्धी रद्द केली. त्याचं एक कारण म्हणजे पैसे विद्यापीठाच्याच खात्यात गेले होते. ज्या संस्थेला फसवलं असा दावा आहे तिलाच पैसे मिळाले असतील तर त्या कलमाखाली ती लाच कशी, असा प्रश्न न्यायालयापुढे होता. सामान्य माणसाला हा फरक कळायला कठीण जातो. त्यात दोष सामान्य माणसाचा नाही.

१२. सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या निकालानंतर तरी सगळं गुणवत्तेवर आलं का?

हार्वर्डच्या त्याच खटल्यात २९ जून २०२३ ला आलेल्या निकालाने प्रवेशात वंशाचा विचार थांबवला. लेगसी, देणगी आणि स्क्वॉश यांना स्पर्श केला नाही. न्यायमूर्ती गोर्सच यांनी आपल्या वेगळ्या मतात या सवलतींचा उल्लेख मात्र केला. पुढच्या वर्षी एमआयटीत आशियाई-अमेरिकन मुलांचं प्रमाण ४० वरून ४७ टक्के झालं आणि कृष्णवर्णीयांचं १३ वरून ५ वर आलं. येल आणि प्रिन्स्टनमध्ये त्या वर्षी कृष्णवर्णीयांच्या प्रमाणात तसा मोठा बदल दिसला नाही. "आता आपल्या मुलांना दार उघडलं" असं मानणाऱ्यांनी एवढं पाहावं की वंचितांसाठीचा आधार गेला आणि वरच्यांचा शाबूत राहिला.

१३. आम्ही दोघं नोकरदार. लेगसी नाही, रोइंग नाही. कॉलेजसाठी म्हणून एवढी फी भरावी का?

फक्त कॉलेजसाठी असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे. कॉलेजचा एकच अधिकारी बहुधा एका भागातल्या शाळांचे अर्ज वाचतो, आणि एका शाळेचे अर्ज एकमेकांशेजारी येतात. जाहीर कोटा नसला तरी एकाच शाळेतून वीस मुलं कुणी घेत नाही. तुमच्या मुलीची तुलना तिच्याच वर्गातल्या मुलांशी होणार, ज्यांच्यापैकी काहींच्या मागे प्रश्न ४, ७ आणि ११ उभे आहेत. शाळा तीच, पत्रं तितकीच सुंदर, तरी उरलेल्या जागा थोड्या. जी कुटुंबं आधीच वर आहेत त्यांचा फायदा ही शाळा मोठा करते. तुमच्याकडे नसलेला फायदा ती तयार करून देत नाही.

लहान वर्ग, उत्तम शिक्षक, भरपूर वाचन यांसाठी फी भरायची असेल आणि ती झेपत असेल, तर जरूर भरा.

१४. शिष्यवृत्तीवर या शाळांत गेलेल्या गरीब मुलांचं काय?

त्यांना फायदा होतो, आणि चांगलाच. अँडोव्हर २००७-०८ पासून मुलांना घेताना ऐपत पाहत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७८ पासून प्रेप फॉर प्रेप ही संस्था हुशार गरजू मुलांना तयार करून अशा शाळांत पोचवते. समाजशास्त्रज्ञ अँथनी जॅक यांनी अशा मुलांना "प्रिव्हिलेज्ड पुअर" म्हटलं आहे: घरी पैसा नाही, पण प्राध्यापकाच्या खोलीत न बिचकता जाणं, मदत मागणं, हे शाळेत शिकलेलं. थेट गरीब सरकारी शाळेतून आलेलं मूल त्याच कॉलेजात जास्त चाचपडतं. कॉलेजांनाही हे सोयीचं आहे: कागदावर गरीब विद्यार्थी दिसतो, आणि तो आधीच त्यांच्या रीतीभातींत मुरलेला असतो.

१५. मी स्वतः अमेरिकेत एमएस केलं. माझा मुलगा लेगसी ठरतो का?

कॉलेजवर अवलंबून. हार्वर्डमध्ये लेगसी म्हणजे आई किंवा वडिलांची तिथली पदवी. मास्टर्स धरत नाहीत. काही विद्यापीठं पदव्युत्तर शिक्षणही धरतात. अर्जात पालकांचं शिक्षण विचारतातच, तिथे खरं ते लिहा. लेगसीवर टीका करणाऱ्या बऱ्याच मराठी पालकांचा आवाज हा प्रश्न विचारताना थोडा खाली येतो, असं माझं निरीक्षण आहे.

१६. टेक्सासमध्ये बडी शाळा उलट नडते हे खरं का?

नडू शकते. १९९७ च्या कायद्याने टेक्सासमधल्या शाळांतल्या वरच्या १० टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठाला गर्दीमुळे मर्यादा घालायची मुभा मिळाली. तिथे ती अट बरीच वर्षं वरचे ६ टक्के होती, २०२६ च्या प्रवेशांपासून ५ टक्के. यात क्रमांक आपल्याच शाळेतला मोजतात. त्यामुळे सगळीच मुलं तयारीची असलेल्या शाळेत पंधरावा टक्का गाठणारी मुलगी शेजारच्या साध्या शाळेत पहिल्या पाचात असू शकते. म्हणून काही पालक नववीच्या आधी मुलांची शाळा बदलतात. त्यात बेकायदा काही नाही. मात्र आयत्या वेळी, अकरावीत, बदलायला जाऊ नका: बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याचे आधीचे गुण क्रमांकात कसे धरायचे याचे नियम प्रत्येक शाळेचे वेगळे असतात, ते आधी लेखी मागून घ्या.